चिठ्ठीखालचं कलम

कायदा कुठं होतो असं विचारलं की लोक मुंबईकडं नाहीतर दिल्लीकडं बोट दाखवतात. खरंच आहे ते. पण धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात पोचल्यावर तो मैद्याच्या खळीनं पुस्तकात चिकटवावा लागायचा, आणि ते काम मी एकतीस वर्षं केलं. माझ्या नातीला हे सांगितलं की ती हसते. ती वकिली शिकते. तिच्या फोनमध्ये सगळे कायदे आहेत. रात्रीत दुरुस्ती झाली तर सकाळी फोनमध्ये आलेली असते, खळ नको की ब्रश नको. मी तिला एकच विचारते, "बाळा, काल तिथं काय लिहिलेलं होतं ते दाखव." मग ती बराच वेळ अंगठा फिरवत बसते आणि मी चहा करायला उठते.

माझी नोकरी न्यायालयाच्या ग्रंथालयातल्या कारकुनाची. ग्रंथालय म्हणजे अभिलेख कक्षाच्या पाठीमागची एक लांबट खोली. कायद्याचं पुस्तक एकदा छापलं की छापलं. विधिमंडळाला मात्र कायदा बदलायची हौस असते, म्हणजे अधिकारच असतो, आणि नवी आवृत्ती यायला पाच-सात वर्षं लागतात. मधल्या काळात राजपत्र यायचं, त्यावरून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या निघायच्या, कुठं दोन ओळींच्या, कुठं पानभर. त्या बरोबर त्याच कलमावर चिकटवायच्या. चिठ्ठी चुकली तर न्यायाधीश जुनंच कलम वाचणार आणि कुणाचं तरी घर, कुणाचा तरी बांध जायचा. एवढी जोखीम, आणि हत्यार काय, तर मैदा.

खळ करायचे मारुतीमामा. ते आमचे दप्तरी, म्हणजे कागद-पुस्तकं बांधून लावून ठेवणारे, निवृत्तीला आलेले. मैदा शिजवून त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, म्हणजे कसर लागत नाही. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला ब्रश हातात देऊन सांगितलं, "बाई, आतल्या कडेला बोटभर खळ लावायची. बास. चिठ्ठी दारावानी उघडली पायजे."

"का?"

"का ते मला न्हाय म्हाईत. माझ्या आदीचे दप्तरी तसंच करायचे. काझी वकिलाला विचारा."

मी विचारलं नाही. विचारणारी असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

त्या वेळची मी तुम्हाला सांगायला पाहिजे. तेवीस वर्षांची, बी.ए., वर औरंगाबादहून ग्रंथालयाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली. इस्त्रीची साडी, कॉलरचा ब्लाऊज, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे न्यायालय आपण रुजू होण्याची वाट बघत थांबलेलं होतं. ती पोरगी आज रस्त्यात भेटली तर मी दुसऱ्या बाजूनं जाईन. तिला त्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या बघवायच्या नाहीत. पुस्तक उघडलं की फडफडतात, कोपरे दुमडतात, पुस्तक फुगून कोंबडीसारखं दिसतं. शिस्त म्हणून काही आहे की नाही? तिनं काय केलं, चिठ्ठीला मागून सगळीकडं खळ लावली, कलमावर सपाट चिकटवली आणि वरून शाईची बाटली आडवी फिरवली. फरशीसारखं गुळगुळीत पान. खालचं कलम रद्दच झालंय तर त्याची दारं-खिडक्या कशाला ठेवायच्या?

तीन वर्षं मी असं केलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, 'ग्रंथालय अत्यंत नीटनेटके.' त्या शेऱ्याची नक्कल करून मी माहेरी पाठवली. आईनं ती देवघरात ठेवली आणि पाहुण्याला प्रसादासारखी दाखवायची. मारुतीमामा मात्र माझी पानं बघून नुसतं हुं करायचे.

आता विधिमंडळ आणि न्यायालय यांचं आपसात काय असतं, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वकील लोक ते अवघड करून सांगतात. मी शिवणाच्या भाषेत सांगते. विधिमंडळ ब्लाऊज शिवतं. कोर्टात तो कुणाच्या तरी अंगावर चढवून बघितला जातो. शिवणाऱ्यानं माप राज्याचं घेतलेलं असतं, आणि घालणारी असते एकटी बाई. काखेत दाटला की कोर्ट म्हणतं, इथं उसवा. कधी म्हणतं, हे शिवायचा तुम्हाला अधिकारच नव्हता, सगळाच परत न्या. मग विधिमंडळ चिडतं. निवडून आम्ही आलोय, हे कोण उसवणारे? आणि तोच ब्लाऊज वेगळा धागा घालून परत पाठवतं. आपल्या देशात हे स्वातंत्र्यापासून चाललंय. जमीनदारांच्या जमिनी काढून घ्यायचे कायदे झाले, कोर्टांनी त्यातले काही अडवले, तेव्हा संसदेनं संविधानातच एक कुलपाचं कपाट करून घेतलं, नववी अनुसूची म्हणतात त्याला. यात ठेवलेल्या कायद्याला कोर्टानं हात लावायचा नाही. त्या कपाटात पुढं एवढे कायदे कोंबले की आमच्या संविधानाच्या प्रतीत ती यादी लांबतच गेली. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, संविधानाचा पाया हलवता येणार नाही, आणि कपाटात नंतर ठेवलेलंही आम्ही उघडून बघू. ही सगळी लढाई दिल्लीत झाली असं पुस्तकात लिहितात. मी ती पानाच्या जाडीवरून ओळखायचे. कायदा, त्यावर दुरुस्ती, कोर्टानं ती रद्द केली म्हणून लाल शाईची टीप, त्यावर विधिमंडळाची नवी दुरुस्ती. काही पानं चार मजली झाली होती.

बरं, कायदा करणाऱ्यांना तरी आपण काय केलंय ते ठाऊक असतं का? एक माजी आमदार होते, त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. पांढरंशुभ्र धोतर, मागं चार माणसं. त्यांच्या स्वतःच्याच जमिनीचं प्रकरण लागलं होतं आणि ज्या कलमात ते अडकले होते ते वाचायला ग्रंथालयात आले. मी पुस्तक काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"हे कुणी केलं?" म्हणाले.

शेजारी काझी वकील बसले होते. निजामाच्या काळात उर्दूत वकिली शिकलेले, काळी शेरवानी सोडून काळा कोट घातला तरी चालायचे शेरवानीतच. ते म्हणाले, "आण्णा, आपनेच किया. मी त्या दिवशी सभागृहाच्या सज्जात बसलो होतो. तुमचा हात वर होता."

"हात वर होता व्हय! पण आमच्या मनात असं नव्हतं. हे मोठ्या जमीनवाल्यांसाठी होतं."

"तुमची किती?"

आण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "कोर्टाला सांगा की, आमच्या मनात काय होतं ते मी येऊन सांगतो."

"मनातलं कोर्ट वाचत न्हाय, आण्णा. कागदावरचं वाचतं. मनातलं कागदावर उतरवायला तुमाला लोकांनी तिकडं पाठवलं होतं."

आण्णांनी मला विचारलं, "बाई, ही चिठ्ठी निघती का?" मी छाती काढून सांगितलं, "मी चिकटवलेली चिठ्ठी निघत नाही." कशाचा अभिमान वाटावा याला काही सुमार!

तर आता निलव्वा.

आमच्या मराठवाड्याचे काही कायदे वेगळे होते. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद राज्याचे कायदे आले, मग आम्ही मुंबईला जोडलो गेलो, मग महाराष्ट्र झाला, पण घरभाड्यासारखे काही कायदे हैदराबादचेच राहिले. पलीकडं बार्शी-सोलापूरला एक भाडेकायदा आणि अलीकडं तुळजापूरला दुसरा. सोलापूरच्या पुस्तकवाल्याकडं मागितलं तर तो म्हणायचा, "ते तुमच्या निजामाचं पुस्तक न्हाय आमच्याकडं." निजामाचं नव्हतंच ते, पण जाऊ द्या. आमच्या न्यायालयात त्या कायद्याची एकच प्रत होती. जुनी, पिवळी, आणि माझ्या हातानं गुळगुळीत केलेली.

निलव्वा माहेरची जळकोटची. घरात कन्नड, बाजारात मराठी. तुळजापुरात मंदिराकडं जाणाऱ्या बोळात तिच्या नवऱ्याचं दुकान होतं, भाड्याचं. परड्या आणि कवड्यांच्या माळा विकायचे. दोघं आत बसले की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, एवढीच जागा. नवरा वारला. वर्षाच्या आत मालकानं अर्ज केला, कारण त्याला तिथून लॉजचा जिना काढायचा होता. खालच्या कोर्टात निकाल मालकाच्या बाजूनं लागला, आणि तो चुकीचा म्हणता येत नव्हता. विधिमंडळानं मधे त्या कायद्यात दुरुस्ती केली होती, भाडेकरू मेला तर राहत्या घराचं भाडं बायको-पोरांकडं जाईल, दुकानाचं जाणार नाही. ती चिठ्ठी मीच लावली होती. निलव्वानं जिल्हा न्यायालयात अपील केलं, काझी वकिलांनी ते घेतलं, आणि अपिलाचा निकाल होईपर्यंत म्हणून मिळालेली स्थगिती तारखेतारखेला वाढत राहिली.

त्या दिवशी ती सुनावणीला आली ती गोणी घेऊनच. बाहेरच्या बाकावर बसली. मी विचारलं, "हे काय?"

"माळा हायत. उद्या बेलिफ यील आन् कुलूप घालंल. आत ऱ्हायल्या तर माझ्या न्हाय व्हायच्या. म्हून सकाळीच भरून आणल्या." डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. कवड्या मोजल्यासारखं बोलत होती.

आत मात्र काझी वकिलांचा चेहरा उजळलेला. टपालानं निकालांचं मासिक आलं होतं आणि त्यात उच्च न्यायालयाचा ताजा निकाल होता. ती दुरुस्तीच रद्द! घरात राहणारी विधवा भाडेकरू राहते आणि त्याच नवऱ्याचं दुकान चालवणारी विधवा रस्त्यावर येते, हा फरक कशावर केला याचं उत्तर सरकारला देता आलं नव्हतं. संविधानानं सगळ्यांना सारखं धरलंय, तेव्हा ही दुरुस्ती झालीच नाही असं समजायचं.

मालकाचे वकील होते साळुंके. तरुण, हुशार, सरळ माणूस. ते उठून म्हणाले, "मान्य. दुरुस्ती गेली. म्हणजे मूळ कलम परत जिवंत झालं. पण मूळ कलमात तरी दुकान कुठं होतं? माझ्या आठवणीप्रमाणं तिथंही राहत्या घराचंच होतं."

"माझ्या आठवणीप्रमाणं दुकान होतं," काझी म्हणाले.

न्यायाधीश म्हणाले, "मी कुणाच्या आठवणीवर निकाल लिहू? पुस्तक मागवा."

मारुतीमामांनी पुस्तक नेलं. मी दारातून बघत होते, आपलं नीटनेटकं पान साहेबांसमोर उघडणार म्हणून जरा फुशारूनच. साहेबांनी चिठ्ठीच्या कडेला नख लावलं. चिठ्ठी हलली नाही. दुसऱ्या कडेला लावलं. मग कागद कापायची सुरी घेतली. मग पान खिडकीच्या उजेडाला धरलं. दोन्ही छपाया एकमेकींत मिसळून मुंग्यांचं वारूळ दिसत होतं. साळुंक्यांना त्यात घर दिसलं, काझींना दुकान.

"हे कुणी चिकटवलं?"

मी पुढं गेले. "मी, सर."

"खालचं कसं वाचायचं?"

"सर, खालचं रद्द झालं होतं, म्हणून…"

"रद्द करणारंही रद्द होऊ शकतं, हे ज्या इमारतीत ठरतं तिथं तुम्ही नोकरी करता ना?"

सगळं न्यायालय माझ्याकडं बघत होतं. साळुंके उठून अतिशय सभ्यपणे म्हणाले की स्थगिती आज संपते आहे, मूळ मजकूर दाखवायची जबाबदारी अपील करणाऱ्या बाईची आहे, आणि आपल्या पक्षकाराला आणखी तहकुबी मान्य नाही. ते त्यांचं कामच होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं. "जेवणाच्या सुट्टीनंतर घेतो. तोवर मजकूर आला तर ठीक, नाही तर आहे त्यावर निकाल देईन."

म्हणजे अर्धा तास. जवळच्या कुठल्याच न्यायालयात ते पुस्तक नाही, हे मला ठाऊक होतं. सरकारी छापखान्याला पत्र लिहिलं असतं तर उत्तर पुढच्या पंचमीला आलं असतं. मी बाहेर आले. काझी वकील रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बेटी, दप्तरी लोक कडेला का चिकटवायचे, आता कळलं? सरकार वर लिहितं. खालचं मिटत न्हाय. ज्या दिवशी भांडण झालं त्या दिवशीचा कायदा बघावा लागतो, आणि वरचा कोर्टानं उडवला तर खालचा उठून बसतो."

"काझीसाहेब, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं न्हाय."

बाकावरून निलव्वा सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "म्हंजी माझं दुकान त्या कागदाखाली हाय?"

"असेल तर तिथंच आहे," मी म्हणाले.

"मग काढा की! कुंकवाच्या डब्यावरची चिठ्ठी आमी वाफंवर काढतो. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! बी.ए. झालेली मी, ग्रंथालयाचा कोर्स केलेली, माझ्या डोक्यात वाफ आली नव्हती. आवारातल्या चहावाल्याची किटली उकळतच होती. मी पुस्तक आणायला धावले तर साळुंके मागोमाग आले. "मीही येतो. पानाला काही झालं तर मी बघितलेलं असावं." बरोबरच होतं त्यांचं. ते एक चहा घेऊन समोर उभे राहिले. निलव्वानं पुस्तकाला हात घालताच मारुतीमामा ओरडले, "ओ बाई! पक्षकारानं कोर्टाच्या पुस्तकाला हात लावायचा न्हाय!"

"मग किटलीला लावू का? ती कोर्टाची हाय का?"

मामांनी विचार केला. "किटलीला लावा."

तर निलव्वानं पदरानं किटली धरली, मी पान धरलं, मामा वाफ कुठं द्यायची ते सांगत होते. पाच मिनिटं गेली. चिठ्ठी घट्ट. दहा मिनिटं गेली. मामांच्या तोंडावर काळजी होती आणि थोडा अभिमानही. "माझी खळ हाय ती. अशी न्हाय सोडायची."

"मामा, आज तरी तिचं कौतुक करू नका!"

मग एक कोपरा सुटला. मी केसातला आकडा काढून आत सरकवला आणि दुधावरची साय काढावी तशी तसूतसूनं चिठ्ठी उचलत गेले. एका ठिकाणी खालचा कागद वर येऊ लागला. मी थांबले. माझ्या नाकावरून घाम पानावर पडणार म्हणून मामांनी स्वतःची टोपी माझ्या नाकाखाली धरली. निलव्वा म्हणाली, "घाई नगं बाई. कवडीत दोरा घालताना बी आमी श्वास धरतो." तिनं वाफ थोडी लांबवर घेतली, कागद नरमला, आणि चिठ्ठी अख्खी निघाली. खालची अक्षरं मोरचुदानं हिरवट झालेली. पण होती. एकेक जागच्या जागी.

माझे डोळे भरले होते, मला वाचता येईना. माझ्या खांद्यावरून साळुंक्यांनी आधी वाचलं. त्यांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच.

निलव्वानं मला विचारलंच नाही. ती त्यांच्याकडं बघत होती. "सापडलं," म्हणाली. "वकिलाच्या तोंडावरनंच कळलं."

सुट्टी संपली. पान ओलं होतं, ते हातोहात देता येईना, म्हणून साहेब म्हणाले, "ग्रंथपाल बाईंनी उभं राहून वाचावं." आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मी न्यायालयात कायदा वाचला, इंग्रजीतून. मग साहेबांनी काझींना सांगितलं, बाईंना कळेल असं मराठीत सांगा. काझी निलव्वाकडं वळून म्हणाले, "भाडेकरू वारला, तर त्याच्याबरोबर त्या जागेत राहणारा किंवा त्या जागेत त्याच्याबरोबर धंदा करणारा घरचा माणूस भाडेकरू राहील."

साळुंके उठले. मला वाटलं आता काहीतरी काढतील. ते म्हणाले, "मजकूर माझ्यासमोर निघाला. त्यात काही बदल झालेला नाही. फक्त बाई धंद्यात होत्या का, एवढाच प्रश्न राहतो."

पुराव्यात ते आलेलंच होतं, तरी साहेबांनी निलव्वाला विचारलं, "दुकानात तुम्ही काय करत होतात?"

"कवडीला भोक मी पाडायची, माळ मी ववायची, परडी मी सारवायची."

"आणि तुमचे यजमान?"

"ते गिऱ्हाईकाशी बोलायचे. बोलायला लई ग्वाड होते."

साहेबांनी खाली बघितलं. हसू लपवायला न्यायाधीशांना समोर पुस्तक लागतं, आणि त्यांच्यासमोर माझं ओलं पान होतं. मग त्यांनी निकाल सांगितला. अपील मंजूर. खालचा आदेश रद्द. दुकान निलव्वाचंच.

काझी वकील खुर्चीवर टेकले आणि कपाळावरून हात फिरवला. मारुतीमामांनी टोपी घातली, ती माझ्या घामानं ओली होती, तरी घातली. निलव्वा जागेवरच उभी. "आता मी काय करायचं?" तिनं मला विचारलं. मी म्हणाले, "नक्कल घेऊन जायची. थोडा वेळ लागेल." ती म्हणाली, "नक्कल तुमीच ठेवा. सोलापूरच्या गाड्या यायच्या आदी दुकान उघडाया पायजे." आणि गोणी डोक्यावर घेऊन निघाली.

साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. मला वाटलं नोकरी गेली. ते म्हणाले, "विधिमंडळ एक सांगतं, न्यायालय दुसरं सांगतं, आणि दोघांचा विश्वास ज्यावर आहे ते पुस्तक तुमच्या हातात आहे. सगळी पानं उघडा." बस्स, एवढंच.

सहा महिने मी रोज दुपारी किटलीपाशी बसले. चहावाल्यानं मला वेगळी किटली देऊन टाकली. तीन वर्षांच्या माझ्या हुशारीला वाफेनं सोडवत बसायचं म्हणजे काय असतं, ते तेव्हा कळलं. बहुतेक सगळी कलमं शाबूत निघाली. एका पानावर मात्र चार ओळी चिठ्ठीबरोबरच उपटून आल्या, त्या कधीच परत आल्या नाहीत. अजून वाटतं, त्या तीन वर्षांत आणखी कुणाला खालचं कलम लागलं असेल, आणि पान उघडत नाही म्हटल्यावर तो मुकाट्यानं घरी गेला असेल. असा कुणी भेटला नाही. पण जो मुकाट गेला तो भेटणार कसा?

पुढं मात्र आमच्या ग्रंथालयाची ख्याती झाली. लातूरचे वकील, बीडचे वकील जुनी कलमं बघायला यायचे. कुठल्याही कलमाचं दार उघडलं की मागचं, त्याच्या मागचं, कुणी केलं, कुणी उडवलं, सगळं एकाखाली एक. विधिमंडळ आणि कोर्टाचं एवढं जुनं भांडण आमच्याइतकं जपून कुणी ठेवलं नसेल, असं मी आजही म्हणते, आणि या वेळी मला तेवढा गर्व करायचा हक्क आहे.

निकालानंतरच्या मंगळवारी मी नक्कल घेऊन तुळजापूरला गेले. दर्शन घेतलं आणि बोळात शिरले. दुकान उघडं होतं. माळा दाराच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या, आणि मधे निलव्वा मांडी घालून. मला बघितल्यावर तिनं सरकून जागा केली. मी नक्कल दिली. तिनं ती उघडलीसुद्धा नाही, देवीच्या तसबिरीमागं खोचली. मग माझ्या हातात दोरा दिला. "बसल्या बसल्या चार ववा. बघू तुमचा हात."

माझी माळ वाकडी झाली. तिनं ती मोडली.

एवढ्यात वरच्या मजल्याच्या खिडकीतून मालकानं डोकं काढलं. त्याच्याकडं पाहुणे आले असावेत. आवाज मऊ करून म्हणाला, "निलव्वा, आमच्या पाव्हण्यांसाठी दोन परड्या काढून ठेव की. चांगल्यातल्या. वर पाठव."

पुढं चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. निलव्वानं सुईत दोरा ओवला, वर बघितलं आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"मालक, खाली यावं लागंल. रांग हाय."

आणि मालक खाली आला. शेवटच्या गिऱ्हाइकाच्या मागं उभा राहिला.